राखेच्या बुधवारी पोचलेलं पत्र

उरुआपान
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय नोएमी,

पाकिटावर ‘सिस्टर क्लेमेन्सिया’ लिहिलंय, नाहीतर तुमच्या दारावरची सिस्टर पत्र आतच घेत नाही. पण आत तू नोएमीच. ज्या पोरीच्या उवा मी काढल्यात तिला या वयात नवीन नावाने हाक मारणं मला जमायचं नाही. हे तुमच्या मठप्रमुख मदर ब्रिखिदांनाही कळू दे, कारण तुझ्या आधी त्याच हे वाचणार. नमस्कार मदर.

इकडे शेडमध्ये हंगाम जोरात आहे. पट्ट्यावर अवोकाडो धो धो येतात आणि माझ्या हाताखालच्या तीस बायका बोलता बोलता ते निवडतात. चांगला माल परदेशी, बरा गावच्या बाजारात, डागाळलेला तेलाला. मी नुसती उभी राहून ओरडते. त्याचा पगार मिळतो.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या खेपेलाही काही झालं नाही. कसला उपचार ते सविस्तर लिहीत नाही, उगाच मदरना वाचल्याचं पाप नको. बारा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली. एवोदियोने दिली. नवरा माझा ट्रकचं इंजिन उघडणारा माणूस, पण सुई हातात घेतली की त्याचेच ओठ पांढरे पडायचे. औषध थंड ठेवायला तो तळ्यावर मासे पकडायला जाताना नेतो तीच बर्फाची पेटी होती. ग्वादालाहाराच्या बसमध्ये साडेचार तास आमच्याभोवती माशांचा वास. चौदा दिवसांनी दवाखान्यातल्या मुलीने फोनवर सांगितलं, “नाही हो, सेन्योरा,” दुकानात माल संपल्यासारखं. मी “बरं” म्हटलं आणि पट्ट्यावर परत जाऊन उभी राहिले. काय करणार?

सासूबाईंना, दोन्या कुकांना, हे काही माहीत नाही. त्यांच्या मते माझं गर्भाशय जागेवरून सरकलंय. त्यांनी पोट चोळणारी एक बाई आणली. तिने तासभर माझं पोट असं मळलं की मला वाटलं आता भाकरी थापणार. मग कडू पाल्याचा काढा. मी सगळं निमूट पिते, कारण ‘नको’ म्हटलं की कारण सांगावं लागतं.

जानेवारीत मी एकेचाळीसची होईन. प्रार्थना कर. तुझं कामच आहे ते.

तुझी ताई,
एरेंदिरा


सांता रोसा देल मोन्ते
२० नोव्हेंबर २००७

प्रिय ताई,

पत्र मिळालं. मदरनी पत्र हातात देताना विचारलं, “तुझी बहीण नेहमी अशीच बोलते का?” मी म्हटलं, “हे तिचं सौम्य बोलणं आहे.” त्या हसल्या नाहीत, पण जाताना त्यांचे खांदे हलत होते.

इथे लग्नसराई आहे. लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून लोक संत क्लाराच्या नावाने आमच्याकडे अंडी आणून देतात. या महिन्यात नऊशे झाली. दारातल्या फिरत्या फळीवर टोपली ठेवतात, आम्ही आतून फिरवून घेतो. सगळ्यांचा रोम्पोपे करतोय, ते बलक, दूध आणि दारूचं गोड पेय. मी दिवसभर पिवळं वेगळं, पांढरं वेगळं करत असते. स्वप्नातही तेच. मागच्या शनिवारी एका नवरीने साठ अंडी दिली आणि तरी गारा पडल्या. तिची आई येऊन दारावरच्या सिस्टर एफिखेनियाशी भांडून गेली.

ताई, एक विचारू? डॉक्टरीणबाईंनी कारण काय सांगितलं? नेमके शब्द काय वापरले? लहानपणापासून असं काही असेल, घरात आणखी कुणाला असेल, असं काही विचारलं का? मला नीट लिही. मी वैद्यकीय काही जाणत नाही, पण प्रार्थना करायची तर नेमकं कळलेलं बरं.

२ डिसेंबरपासून आगमनकाळ. तोवर उत्तर आलं तर ठीक, नाहीतर नाताळनंतर. तुला नियम माहीत आहेच. आगमनकाळात आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासात पत्र लिहायचं नाही, आलेलं वाचायचंही नाही. मदर ती न उघडता कपाटात ठेवून देतात.

भावोजींना सांग, मी त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना करते.

तुझी,
नोएमी


उरुआपान
२९ जानेवारी २००८

प्रिय नोएमी,

आधी हसायचं सांगते, मग मागायचं.

सहा तारखेला तीन राजांचा सण. दोन्या कुकांकडे आम्ही चौदा जण, मध्ये हातभर गोल गोड पाव, त्यात दडवलेली बाळ येशूची तीन प्लास्टिकची बाळं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पानात वाफवलेले तामाले खाऊ घालायचे. मी घास घेतला आणि दाताखाली कडक काही लागलं. नोएमी, मी ते बाहेर काढलं असतं तर काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे. “एरेंदिराला बाळ! एरेंदिराला बाळ!” आणि टाळ्या. गेल्या वर्षी एवोदियोच्या बहिणीला झालं होतं तसंच, फक्त ती तेव्हा खरंच पोटुशी होती.

मी ते बाळ गालात सरकवलं, वर गरम चॉकलेट प्यायले आणि अर्धा तास “हं”, “हं” करत बसले. दोन बाळं निघाली, तिसरं निघेना. दोन्या कुकांनी पावाचा चुरा चाळणीने चाळला. बेकरीवाल्याला फोन लावला. तो म्हणे, “आईशप्पथ तीन घातली होती.” शेवटी संशय आला धाकट्या जावयावर, की तामाल्यांचा खर्च वाचवायला त्याने गिळलं. बिचाऱ्याला दोन दिवस पपई खायला घातली. ते बाळ मी नंतर मोरीत थुंकलं.

आता दुसरं. तू नेमके शब्द विचारले होतेस. डॉक्टर सारातेंचे नेमके शब्द असे: “तुमची स्त्रीबीजं संपत आली आहेत. वयाच्या मानाने फार लवकर. बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीपासूनच ओहोटी लागली असावी.” माझ्या बीजांनी आता होणार नाही. दुसऱ्या बाईचं बीज, एवोदियोचं, आणि वाढवायचं मी, असं होऊ शकतं. अनोळखी बाईचं मिळतं. पण डॉक्टर म्हणाल्या, सख्खी बहीण असेल आणि पस्तिशीच्या आतली असेल तर बघा.

मदर ब्रिखिदा, इथून पुढचं तुम्ही वाचलं नाहीत असं समजा.

नोएमी, लोक तुमच्या दारात अंडी ठेवून जातात. मी मागायला आलेय.

मला माहीत आहे चर्च काय म्हणतं. पाद्रींनी सांगायची गरज नाही, तूही सांगू नकोस. कायमची शपथ तू ११ ऑगस्टला घेणार. त्याआधी महिनाभर घरी राहायची परवानगी मिळते, असं तूच मागे म्हणाली होतीस. बारा दिवस इंजेक्शनं, एक सकाळ दवाखान्यात, दुपारी घरी. मग तू परत जा, शपथ घे, मी पहिल्या बाकावर बसून रडेन. पण ते बाळ आपल्या आईच्या नाकाचं असेल. अनोळखी बाईचं पोर मी वाढवेन गं, पण मला रक्ताचं हवंय. आईचं कपाळ, तुझे ते वेडे कान, काहीतरी. खोटं का बोलू?

उत्तर लवकर दे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. आडवळण नको.

एरेंदिरा


उरुआपान
२४ फेब्रुवारी २००८

नोएमी,

उपवासकाळ आहे हे मला समजतं. माझ्याही कपाळावर राख लावली होती. पण माझं पत्र २९ तारखेला पडलं. चार दिवसांत पोचतं, नेहमी पोचलंय. म्हणजे शनिवारी तुझ्या हातात. बुधवारपर्यंत तुला चार दिवस होते. एका ओळीला किती वेळ लागतो? आणि आई गेली तेव्हा मदरनी तुला गुड फ्रायडेला पत्र लिहू दिलं होतं. तेव्हा नियमाची ढाल माझ्यापुढे धरू नकोस.

हे पत्र कपाटात पडून राहणार आणि तुला ईस्टरनंतर मिळणार, हे ठाऊक असूनच लिहितेय. तेव्हा वाच.

तुला देवाने सगळं दिलं. तुझं बावीस-तेविसाव्या वर्षी लग्न ठरलेलं, लिसांद्रोसारखा मुलगा दारात उभा. तू त्याला सोडलंस आणि मठाच्या जाळीच्या आड जाऊन बसलीस. आज त्याला तीन मुलं आहेत. ती तुझी असती. घरभर पोरं झाली असती तुला, आणि तू ते सगळं न वापरता फेकून दिलंस. निदान त्यातलं मूठभर मला दे म्हटलं तर तोंड बंद. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाची अंडी फोडतेस आणि बहिणीसाठी बारा दिवस नाहीत.

कसली गं प्रार्थना करतेस तू?

एरेंदिरा


उरुआपान
११ मार्च २००८

नोएमी,

मधलं पत्र वाचू नकोस. फाडून टाक. मी ते शेडमधून आल्यावर, जेवायच्या आधी लिहिलं आणि तसंच टपालात टाकलं. एवोदियो म्हणतो, “उपाशी असताना तू सरकारी कचेरीतही जात जाऊ नकोस.”

उत्तर नाहीच असेल तर नाही. पण दे.

ताई


सांता रोसा देल मोन्ते
२४ मार्च २००८, ईस्टरचा सोमवार

प्रिय ताई,

तुझं पहिलं पत्र इथे ६ फेब्रुवारीला आलं. राखेच्या बुधवारी, सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर. पावसाने डोंगरातला रस्ता खचला होता, टपालाची गाडी पाच दिवस आलीच नाही. मदरनी नियमाप्रमाणे ते कपाटात ठेवलं. नंतरची दोन्ही त्याच्यावर. आज दुपारी त्यांनी तिन्ही पत्रं तारखेप्रमाणे लावून दिली आणि म्हणाल्या, “आधी जेव. मग वाच.” म्हणजे त्यांनी वाचली होती. मी जेवले. मग वाचली, मधलंही. ते फाडायला सांगणारं पत्र सर्वांत शेवटी होतं.

तू हो किंवा नाही विचारलंस. नाही. पण तुला वाटतं त्या कारणाने नाही. ताई, माझ्याकडेही नाहीत. माझी तुझ्या आधी संपली.

१९९९ मध्ये, माझं लग्न ठरल्यावर, माझी पाळी सहा महिने आली नव्हती. आई घाबरली. तिला वाटलं लिसांद्रोने काही केलं. तिने मला मोरेलियाला नेलं, गावातल्या कुणाला कळू नये म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, तेविसाव्या वर्षी माझ्या अंगात पन्नाशीच्या बाईसारखं झालंय. मूल होणार नाही. हे घराण्यात असतं, असंही म्हणाले. आईला विचारलं, तुमची पाळी कधी गेली? आई म्हणाली, चौतिसाव्या वर्षी. मग त्यांनी विचारलं, आणखी मुलगी आहे का? आई म्हणाली, आहे, थोरली, गेल्या वर्षी लग्न झालंय. ते म्हणाले, तिला ताबडतोब आणा. तिच्यात अजून काही शिल्लक असेल तर वेळ घालवू नये.

परतीच्या बसमध्ये आईने मला शपथ घातली. एरेंदिराला सांगायचं नाही, कुणालाच नाही. “तिला सासरी कळलं तर तिला परत पाठवतील. तिला होईलही, सांगता येत नाही. उगाच भीती कशाला घालायची?” मी शपथ घेतली. मला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती की शपथ सोपी वाटली.

लिसांद्रोला मात्र मी सांगितलं. त्याने विचार करायला आठ दिवस मागितले. मी सातव्या दिवशी अंगठी परत पाठवली. त्यात त्याचा दोष नाही. मला आठवा दिवस बघायची हिंमत नव्हती.

म्हणून मी इथे आले का? हेच मला मदरनी पहिल्या दिवशी विचारलं, कारण प्रवेशाच्या तपासणीत त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, बहुधा हो. त्या म्हणाल्या, “मग सध्या राहा. पुढे कळेल.” दोन-तीन वर्षांनी मला इथलं आवडायला लागलं. पहाटेचं गाणं, बागकाम, ही भांडखोर म्हातारी मंडळी. आता मला दुसरीकडे जायचं नाही. पण आले ती पळूनच.

हे माझं झालं. आता तुझं. आईने शपथ घातली, पण आईला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मला कुणी अडवलं नव्हतं. तू दर पत्रात लिहायचीस, अजून नाही, अजून नाही, आणि मी तुला नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना पाठवत राहिले. माहिती होती ती सोडून बाकी सगळं पाठवलं. मागच्या वेळी तुला ‘नेमके शब्द’ विचारले ते याचसाठी. ते वेगळे निघावेत, कारण दुसरंच काही असावं, म्हणजे माझ्यावर यायचं नाही, अशी मी देवाकडे प्रार्थना करत होते. कसली प्रार्थना करतेस, असं तू विचारलं होतंस. ही.

तेव्हा सांगितलं असतं तर तू बत्तीस वर्षांची होतीस.

मदर हे पत्र वाचणार नाहीत. “चिकटवून दे,” म्हणाल्या.

नोएमी


सांता रोसा देल मोन्ते
१५ जुलै २००८

प्रिय ताई,

चार महिने झाले. फिरत्या फळीवर टपालाचा आवाज आला की मी वळते आणि सिस्टर एफिखेनिया मान हलवते.

११ ऑगस्टला माझी शपथ आहे. मी मदरना म्हटलं, पुढे ढकलते, बहीण रागावलेली असताना कशी घेऊ? त्या म्हणाल्या, “शपथ पुढे ढकललीस तर तिचा राग जाणार आहे का?” मी म्हटलं, नाही. “मग तिला आमंत्रण पाठव आणि आपलं काम कर.” हे ते आमंत्रण. मिस्सा सकाळी अकराला आहे. नंतर तामाले आहेत, यंदाचे जरा खारट होण्याची शक्यता आहे, कारण मसाला माझ्याकडे आहे.

नाही आलीस तरी मी समजेन. आलीस तरी काही बोलायला हवं असं नाही.

नोएमी


उरुआपान
१७ ऑगस्ट २००८

नोएमी,

आम्ही आलो होतो. मागच्या दाराशी, खांबाजवळ उभे होतो. तू जमिनीवर पालथी पडलीस आणि तुझ्यावर शपथविधीचं ते काळं कापड घातलं, तेव्हा एवोदियो माझ्या कानात म्हणाला, “ही मेली की काय?” म्हणून मला त्याला चिमटा काढावा लागला. तामाले खाल्ले नाहीत. भेटीच्या जाळीशी आले नाही. आले असते तर तुला सगळ्यांसमोर बोलले असते, आणि मदर ब्रिखिदांनी मला कधीच काही केलेलं नाही.

मला राग आहे. तो सांगते, कारण न सांगण्याचं काय होतं ते आपण दोघींनी बघितलंय. बत्तिसाव्या वर्षी मला कळलं असतं तर मी डॉक्टरकडे गेले असते, पोट चोळणाऱ्या बाईकडे नाही. नऊ वर्षं मी काढे प्याले. नऊ वर्षं मला वाटत होतं की मी काहीतरी चुकीचं करते. जड उचलते, उशिरा जेवते, फार ओरडते. एवोदियोने दारू सोडली, तंग पॅन्ट सोडली. आणि मोरेलियाच्या कपाटात कुठेतरी कागद पडला होता, तुमच्या थोरल्या मुलीला आणा म्हणून. आईवर ओरडता येत नाही, ती थडग्यात आहे. म्हणून तुझ्यावर.

आणि त्याच रागाच्या पोटात मला रडूही येतं. तेवीस वर्षांची पोर बसमध्ये आईशेजारी बसून हे ऐकून आली, दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन माझे पडदे शिवून दिलेस तू. मला आठवतं, निळे पडदे. तुझे डोळे सुजले होते, तू म्हणालीस सर्दी झालीय. मी तुला लिंबाचं गरम पाणी दिलं आणि पडद्याची पट्टी वाकडी आली म्हणून बोलले. ‘घरभर पोरं झाली असती’ हे मी तुला लिहायला नको होतं. ते पत्र फाडून टाक म्हणण्यात अर्थ नाही आता.

माफी-बिफी मला अजून लिहिता येत नाही. जमेल तेव्हा लिहीन.

आम्ही अनोळखी बाईकडून घ्यायचं ठरवलंय. डॉक्टर सारातेंनी तीन कागद पुढे ठेवले. नाव नाही, फोटो नाही. वय, उंची, रक्तगट, केसांचा रंग, आणि शेवटी ‘आवडी’. एकीला नाच आवडतो, एकीला गणित. तिसरीच्या पुढे लिहिलं होतं, ‘पोहणे, कुत्री, गप्पा’. एवोदियो म्हणाला, “ही. घरात कुणी तरी बोलकं हवं.” मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

पण खरं सांगू? मी निवडताना दहा वेळा उठले. शेडमध्ये रोज हजारो फळं हातांखालून जातात, एका नजरेत ठरवते. इथे तीन कागद, आणि मला एकातही आई दिसेना.

ऑक्टोबरमध्ये जाणार.

एरेंदिरा


उरुआपान
९ फेब्रुवारी २००९

नोएमी,

हे पत्र एवोदियो स्वतः गाडी घेऊन तुमच्या दारात देणार आहे. टपालावर माझा विश्वास उडालाय.

अठरा आठवडे झाले. आधी कळवलं नाही, कारण तीन महिने मी कुणालाच कळवलं नाही, आणि नंतर कळवायची सवय राहिली नव्हती. दोन्या कुकांना नाताळात सांगितलं. त्या रडल्या, मग म्हणाल्या, “बघ, मी म्हटलं नव्हतं, चोळून जागेवर येतं.” मी त्यांना खरं सांगितलं, सगळं, दुसऱ्या बाईचं बीज वगैरे. एवोदियोचा चेहरा पडला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पोटात कोण वाढवतंय? तू ना? मग झालं. आणि हे चौकातल्या बायकांना सांगू नकोस, त्यांना काय कळतंय.” मी म्हटलं, सांगणार. शेजारीपाजारी नाही, पण घरात सांगणार.

मुलगी आहे. काल तपासणीत दिसली. हनुवटीखाली मूठ घेऊन पडली होती, कंटाळल्यासारखी. एवोदियो पडद्याकडे बघून म्हणाला, “ही तर माझ्या आईसारखी,” आणि डॉक्टरांनी हसू दाबायला खोकून घेतलं.

मग मी डॉक्टरांना विचारलं. आईचं, माझं, तुझं, सगळं सांगितलं, आणि विचारलं, हिलाही तसंच होईल का? डॉक्टर सारातेंनी यंत्र बाजूला ठेवलं. म्हणाल्या, “सेन्योरा, हिच्यात तुमच्या घराण्याचं बीज नाही. तुमचा तो आजार हिला कुठून येणार?”

नोएमी, मी ती गोष्ट वर्षभर उलटीच धरून बसले होते. मला रक्ताचं हवं होतं. तुझ्याकडे मागितलं ते रक्तच होतं. तुझ्याकडे असतं आणि तू दिलं असतंस, तर आईचं नाक आलं असतं, तुझे कान आले असते, आणि तेविसाव्या वर्षी एका बसमध्ये बसून ही पण खिडकीबाहेर बघत राहिली असती. त्या पोहणाऱ्या, कुत्रीवाल्या मुलीने मला जे दिलं ते आपल्या तिघींपैकी कुणीच देऊ शकलं नसतं. मी बसमध्ये हुंदके देऊन रडले. एवोदियो लोकांना सांगत होता, “काही नाही, चांगली बातमी आहे.”

तू लपवलंस म्हणून माझी वर्षं गेली, हे अजून तसंच आहे. तू तेव्हा सांगितलं असतंस तर ही आली नसती, दुसरी कुणी आली असती, हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं आहे आणि मला ते जुळवता येत नाही. मी सोडून दिलंय. तुला माफ केलंय, असं आज सकाळी दात घासताना लक्षात आलं. कधी केलं ते माहीत नाही.

एक मागणं आहे, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही. ती बारा वर्षांची झाली की मी तिला सगळं सांगणार. ती कशी आली, ती बाई, आई, मोरेलिया, मी, तू. जाळीशी येऊन बसेन, तिला शेजारी घेईन. पण तुझा भाग मी सांगणार नाही. तो तू सांगायचास, तुझ्या तोंडाने, तिच्याकडे बघून. बारा वर्षं आहेत तयारीला. मदरना विचारून ठेव.

तुझी ताई,
एरेंदिरा